पेटीतले बारा चेंडू

कारखान्यातून आलेला अमेरिकन फुटबॉलचा नवा चेंडू खेळण्याच्या लायकीचा नसतो, ही गोष्ट पोर्ट हेलरमध्ये फार थोड्यांना ठाऊक होती, आणि त्या थोड्यांत एल्मर वाराडी सर्वांत जुना होता. नव्या कातड्यावर मेणचट तकाकी असते. चेंडू हातातून सुळकन निसटतो आणि निसटताना तळहातावर विटकरी डाग ठेवून जातो. तो डाग साबणाने दोन दिवस हटत नाही. म्हणून प्रत्येक संघ आपले चेंडू आपल्याच माणसाकडून घासून घेतो. आधी ओल्या फडक्याने, मग घोड्याच्या केसांच्या ब्रशने, शेवटी कोरड्या हाताने. लीगच्या नियमांना ते मान्य आहे. किती घासायचे आणि कुठे घासायचे हे मात्र क्वार्टरबॅक ठरवतो, कारण मैदानावर उतरलेल्या अकरा जणांचा खेळ त्याच्या एकट्याच्या फेकीतून पुढे सरकत असतो.

डॉकर्स संघाच्या स्टेडियमखालच्या तळघरात, धुलाईयंत्रांच्या ओळीच्या पलीकडे, एल्मरचे बाक होते. काचेच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या हंगेरियन बापाचा हा मुलगा चोविसाव्या वर्षी संघाचे कपडे धुवायला म्हणून आत आला आणि त्रेसष्टाव्या वर्षीही त्याच जिन्याने उतरत होता. मधल्या काळात त्याने सात क्वार्टरबॅकांचे चेंडू घासले. एकाला चेंडू पावाच्या कडेसारखा खरखरीत लागे. दुसऱ्याला किंचित ओलसर, सकाळच्या गवतासारखा. आठवा आला तो ट्रेंट हॅलवर्सन. पंधरा वर्षांपूर्वी, पहिल्याच सरावात, उत्तर डकोटातल्या त्या उंच पोराने बारांतले अकरा चेंडू बाजूला फेकले, बारावा दोन्ही हातांत फिरवला आणि विचारले, "हा कुणी केलाय?" एल्मरने भीतभीतच हात वर केला. त्या दिवसापासून ट्रेंटच्या चेंडूला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. संघाचे तीन प्रशिक्षक बदलले. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाने आपली माणसे आणली, तळघरातली जुनी माणसे घरी गेली, एल्मर तेवढा राहिला, कारण ट्रेंट प्रत्येक वेळी वर जाऊन एकच वाक्य बोलून यायचा: "म्हातारा माझ्यासोबत आहे."

आता ट्रेंट एकोणचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा करार संपला होता.

मार्च महिना होता. चेंडू मैदानात नसतो तेव्हा तो या शहराच्या तोंडात असतो. ट्रेंटला ठेवावे की जाऊ द्यावे, यावर न्हाव्याच्या खुर्चीत, पेट्रोलपंपावर, रेडिओवर, सगळीकडे खल चालला होता. प्रश्न साधा नव्हता. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला छत घातलेले आहे. पांघरूण ठरल्या मापाचे, एकाने अंगावर जास्त ओढले की दुसऱ्याचे पाय उघडे पडतात. ट्रेंटला तो मागतो तेवढे द्यायचे तर क्लीऑन पेटिग्रूला सोडावे लागणार, हे वर्तमानपत्रात छापून आले होते. पेटिग्रू म्हणजे डाव्या बाजूचा भिंतीएवढा गडी. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे उघडी पडते. त्या बाजूने धावून येणारा त्याला दिसतच नाही. नऊ वर्षे ती पाठ पेटिग्रूने राखली होती. म्हणजे ज्याला ठेवायचे त्याची पाठ राखणाराच त्याला ठेवण्यापायी जाणार होता. हा पेच शहराला कळत होता आणि तरीही शहर दोन तट करून भांडत होते.

एल्मर या भांडणात पडत नसे. त्याच्यापाशी या भांडणाचा निकाल लावणारी गोष्ट होती आणि ती त्याला कुणाला सांगायची नव्हती.

दोन हंगामांपूर्वी ट्रेंटने खाली येऊन सहज म्हटले होते, "शिवण जरा वर उचललेले चेंडू निवडत जा." पुढच्या महिन्यात म्हणाला, "शिवणीवर ब्रश जास्त मार." मग एका दुपारी त्याने चेंडू धरला असताना एल्मरने पाहिले की अनामिका आणि करंगळी शिवणीवर टेकलेली आहेत, पण ती दाबत नाहीत, पाहुण्यासारखी नुसती बसली आहेत. ट्रेंटच म्हणाला, "कोपरापासून खाली मुंग्या येतात. मग काहीच येत नाही." संघाच्या डॉक्टरांनी खांदा तपासला होता, कोपर तपासले होते. बोटांबद्दल त्यांनी विचारले नाही आणि ट्रेंटने सांगितले नाही. त्या दिवसापासून एल्मर चेंडू घासत नव्हता, दोन मेलेल्या बोटांची उणीव भरून काढत होता. कारखान्याच्या पेट्यांतून तो सर्वांत सडपातळ चेंडू वेचून काढायचा, शिवणीखालचे कातडे तासन्‌तास चोळून ते मांजराच्या जिभेसारखे करायचा. ट्रेंटच्या गेल्या हंगामातल्या निम्म्या विजयांत आपला ब्रश आहे, हे त्याला ठाऊक होते. अभिमान वाटायचा, मग त्या अभिमानाची भीती वाटायची.

गुरुवारी ट्रेंट खाली आला आणि बाकाच्या कडेवर बसला. त्या अवजड माणसाच्या भाराने बाक कुरकुरले.

"शनिवारी सकाळी मला फेकायला लावतायत," तो म्हणाला. "मालक येणारेत. व्यवस्थापक वॉर्डलॉ येणारे. बघायचंय त्यांना, घोडा विकत घ्यायचा की नाही."

"बघू देत की. मी चेंडू तयार ठेवतो."

"नको."

एल्मरचा हात थांबला.

"पेटीतले काढ," ट्रेंट म्हणाला. "बंद पेटी. सगळ्यांसमोर फोड आणि तसेच दे. ब्रश नाही, फडकं नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? कोरा चेंडू तुझ्या पंचविसाव्या वर्षीही तुला धड धरता येत नव्हता!"

"तेव्हा येत होता. मला आवडत नव्हता, एवढंच." ट्रेंटने बोटे उघडून मिटली. तीन मिटली, दोन अर्धवट राहिली. "ऐक, म्हाताऱ्या. माझ्यासाठी ते क्लीऑनला घालवतील. माझ्या मुलीचं नाव त्याच्या बायकोनं ठेवलंय. त्याला घालवण्याइतकं या हातात काही उरलंय का, ते मला कळायला हवं. तुझ्या चेंडूनं नाही कळायचं. तुझ्या चेंडूनं मला वाटतं, मी अजून तिशीतच आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी शनिवारी दुपारी घरी. डकोटात वडिलांची जमीन आहे, तळं आहे, मासे आहेत. वाईट काय त्यात?" तो हसला. "शब्द दे."

एल्मरने शब्द दिला. तो देताना त्याचे मन खोटे नव्हते.

शुक्रवारी दुपारी त्याला वर बोलावणे आले. नोएल वॉर्डलॉ ही संघाची व्यवस्थापक. बेचाळिशीची, मृदू बोलणारी, समोरच्याचे नाव कधीही न विसरणारी. तिच्या टेबलावर कागद नसत, संगणकाचा काळा पडदा आणि पाण्याचा पेला असे.

"बसा, मिस्टर वाराडी. इर्मा कशा आहेत?"

"बायको बरी आहे. गोळ्या चालू आहेत."

"फुप्फुसांचं ना? माझ्या मावशीला होतं." तिने पाण्याचा पेला बाजूला सारला. "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ट्रेंट राहिला तर खाली काहीच बदलत नाही. ट्रेंट गेला तर नवा प्रशिक्षक नवा क्वार्टरबॅक आणेल, आणि तो आपली माणसं आणेल. जुलैपर्यंत तुमचा पगार चालेल. विमाही जुलैपर्यंत."

"मला पासष्ट व्हायला बावीस महिने आहेत," एल्मर म्हणाला. पासष्टीला सरकारचा विमा लागू होतो. इर्मा त्याच्याहून फक्त तीन आठवड्यांनी लहान होती. त्या दोघांनी हे महिने इतक्या वेळा मोजले होते की आकडा तोंडातून आपोआप आला.

"मला माहीत आहे," वॉर्डलॉ म्हणाली. "म्हणूनच आधी सांगितलं. मलाही वाटतं त्यानं छान फेकावं. पण तो एकोणचाळीसचा आहे, आणि माझं काम भावनेवर चालत नाही."

तो जिना उतरला तेव्हा त्याला पायऱ्या लागल्या नाहीत.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू होता, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सेंट आर्पाड चर्चच्या सभागृहात मासे तळले जात होते. लांब टेबले, कागदी ताटल्या, तळणीचा धूर, कोबीची कोशिंबीर. इर्माला धूर सोसत नसे, तरी ती येई. दाराजवळच्या खुर्चीत बसे आणि नाकाशी स्कार्फ धरी. समोर बर्नी टोथ होता, काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला आणि त्यानंतर कोणत्याही विषयावरून निवृत्त न झालेला. ताटल्या वाटायला डोलोरेस होती. तिचा नवरा गेल्यापासून ती फक्त फुटबॉलवर चिडत असे.

"एकोणचाळीस!" बर्नीने काट्याने मासा भोसकला. "माझा ट्रक त्याच्याहून तरुण आहे, आणि त्याला मी नवी चाकं घालत नाही."

"तुझ्या ट्रकनं कधी कप आणला का रे?" डोलोरेस म्हणाली. "चाळीस वर्षांत आपल्याला एक कप मिळाला. तो कुणी आणला? तुझ्या त्या स्वस्तातल्या पोरांनी?"

"तो आठ वर्षांपूर्वी आणला, बाई. आठ वर्षांपूर्वी माझे गुडघेही वाकत होते. मागच्याचे पैसे पुढं कशाला द्यायचे?"

"कारण मागचं त्यानं दिलंय!"

"मग पुतळा उभारा. पुतळ्याला पगार लागत नाही, आणि पाठ राखायला पेटिग्रूही लागत नाही." बर्नी टेबलावर वाकला. "एल्मर, तू बोल. तू रोज बघतोस. हात आहे का अजून?"

टेबलावरची आठही तोंडे चावायची थांबली. एल्मरने ताटलीतल्या लिंबाची फोड उलटी केली.

"आहे," तो म्हणाला.

"बघ!" डोलोरेस ओरडली.

"शपथेवर?"

"चर्चमध्ये बसलोय, बर्नी. मासे खा."

सगळे हसले. इर्मा हसली आणि हसताना तिला खोकला आला. आधी सुका, मग खोल, मग असा की त्याच्या दोन उसळ्यांत श्वासाला जागाच राहिली नाही. डोलोरेसने पाणी आणले. एल्मर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. स्वेटरखाली तिच्या फासळ्या वर उचलल्या जात होत्या, वर, आणखी वर, आणि हवा मात्र आत जात नव्हती. चार मिनिटांनी ती शांत झाली.

"गोळी घेतली होतीस का सकाळची?" त्याने विचारले.

"घेतली होती." तिने ओठ पुसले. "गोळीनं एवढंच होतं, एल्मर. नसती घेतली तर चार मिनिटांत थांबलं नसतं."

तिने ही गोष्ट दुधाचा भाव सांगावा तशी सांगितली. त्याला ती पुन्हा ऐकायची नव्हती.

शनिवारी पहाटे चारलाच तो तळघरात होता. बंद पेटी बाकावर होती. बऱ्याच वेळाने त्याने पेटीची चिकटपट्टी वाफेवर धरून अलगद सोडवली. इस्त्रीची वाफ, गणवेशांवर नावांची अक्षरे चिकटवायला तो ती चाळीस वर्षे वापरत आला होता. मग त्याने एकेक चेंडू काढला.

या कामात त्याच्यासारखा कारागीर देशभरात नव्हता, आणि हे काम त्याने आजवर कधी केले नव्हते: चेंडू असा घासायचा की तो घासलेला दिसू नये. त्याने बोटे जिथे टेकतात तेवढीच जागा धरली. शिवणीचा प्रत्येक टाका बारीक ब्रशने उभा केला. शिवणीखालचे कातडे ओल्या फडक्याने, मग अंगठ्याने, मग अंगठ्याच्या नखाच्या पाठीने चोळले, मेण पूर्ण सुटेपर्यंत. उरलेल्या भागाचा सैल रंग फडक्याने टिपून घेतला, म्हणजे तळहात घसरणार नाही, आणि वरून इर्माच्या जुन्या मोज्याने पुसून कोरी तकाकी परत आणली. बारा चेंडू. प्रत्येकाला वीस मिनिटे. बोटांच्या सांध्यांत कळ येऊ लागली तेव्हा त्याने हात गरम पाण्यात बुडवले आणि पुन्हा सुरू केले. तो प्रार्थना करत नव्हता. तो महिने मोजत होता.

पट्टी पुन्हा चिकटवलेली पेटी घेऊन दहा वाजता तो बंदिस्त सरावगृहात उभा राहिला. मालक चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट. वॉर्डलॉ त्यांच्या शेजारी. प्रशिक्षक आणि झेल घ्यायला तीन खेळाडू. एल्मरने चाकूने पट्टी कापली, सगळ्यांना दिसेल अशी. ट्रेंटने त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्या मान हलवण्यात आभार होते.

पहिला चेंडू किंचित वर गेला. दुसरा नेमका. तिसरा हातात घेतल्यावर ट्रेंट पळभर थांबला, चेंडू एकदा फिरवला आणि फेकला. चाळीस यार्डांवर धावत्या माणसाच्या खांद्यावरून तो त्याच्या ओंजळीत असा पडला, जणू कुणी वरून ठेवला. मग चौथा, पाचवा, दहावा. सरावगृहात दुसरा आवाज उरला नाही. फेक, झेल, फेक, झेल. मालकांनी ब्लँकेटमधून हात बाहेर काढून टाळी वाजवली. प्रशिक्षक हसू लागला. साठ फेकींत चार चुकल्या.

आणि एल्मरला चूक कळली ती पन्नासाव्या फेकीच्या आसपास. ट्रेंटने कपाळावरचा घाम उजव्या हाताने पुसला आणि कपाळ स्वच्छ राहिले. तळहातही स्वच्छ होता. गोरा, कोरडा, स्वच्छ. बारा नव्या चेंडूंनी तो एव्हाना विटेसारखा लाल व्हायला हवा होता. एकोणचाळीस वर्षे ज्या रंगाने एल्मरची नखे कधी पांढरी होऊ दिली नाहीत, तो रंग काढताना तो रंग कुठे दिसायला हवा होता एवढेच तो विसरला होता. त्याने भोवती पाहिले. कुणाच्या लक्षात आले नव्हते. वॉर्डलॉ पुढे झाली आणि तिने तो हात हातात घेऊन हलवला. तिच्याही हाताला काही लागले नाही, आणि काही लागायला हवे हे तिला ठाऊक नव्हते.

मंगळवारी करार झाला. दोन वर्षे, आकडा असा की रेडिओवरच्या माणसाने तो दोनदा वाचला. बुधवारी पेटिग्रूला सोडल्याचे जाहीर झाले.

माणूस गेला की त्याच्या कपाटावरची नावाची पाटी एल्मरने काढायची, असा रिवाज होता. तो स्क्रू फिरवत असताना मागे पेटिग्रू येऊन उभा राहिला. त्याची सावली आधी आली.

"सावकाश, पॉप. घेऊन जाणारे मी ती. बायको म्हणते गॅरेजवर लावू."

"क्लीऑन..."

"असलं तोंड करू नकोस. मला दुसरा संघ मिळेल. मी फक्त बत्तीसचा आहे." त्याने पिशवीत बूट कोंबले. "पेपरात वाचलं, कोरा चेंडू, साठातले छप्पन्न. खरं?"

एल्मरचा पेचकस खाचेतून घसरला.

"खरं," तो म्हणाला.

"मग ठीक आहे." पेटिग्रूने मोठा श्वास सोडला. "खरं सांगू? चार दिवस मी जळत होतो. म्हटलं, नऊ वर्षं ज्याच्यासाठी मान मोडून घेतली, त्याच्याच पायी मी बाहेर. आणि तोही संपलेला असला तर? मग मी कशासाठी गेलो? पण हात असेल तर हिशेब बरोबर आहे. मीही त्यालाच ठेवला असता." त्याने पाटी घेतली आणि बाहीने पुसली. "एक सांगशील त्याला? डावीकडे बघत जा म्हणावं. नऊ वर्षांत त्यानं एकदाही बघितलं नाही. गरजच पडली नाही."

तो गेल्यावर एल्मर त्या रिकाम्या कपाटात डोके घालून बराच वेळ उभा राहिला. मग ट्रेंटला शोधत निघाला. काय बोलायचे ते त्याने पाठ केले होते: करार परत दे, मी वर जाऊन सगळं सांगतो, क्लीऑनला अजून थांबवता येईल. विम्याचे काय, इर्माचे काय, हा विचार त्याने बळाने मागे ढकलला होता. तो परत येण्याआधी बोलून टाकायचे होते.

ट्रेंट वाहनतळावर आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसला होता. एल्मरने तोंड उघडले, आणि ट्रेंटने उजवा तळहात त्याच्यासमोर धरला.

"काय दिसतं?"

एल्मरने त्या स्वच्छ तळव्याकडे पाहिले.

"बारा कोरे चेंडू. साठ फेकी. काहीच दिसत नाही ना?"

"कधी कळलं?"

"तिसऱ्याला." ट्रेंटचा आवाज शांत होता, आणि ती शांतता ऐकवत नव्हती. "शिवण बोटाला लागली. दोन वर्षांत कोऱ्या चेंडूची शिवण मला लागलेली नाही. म्हटलं, चमत्कार झाला. मग हात बघितला."

"मग थांबला का नाहीस? अरे, तिथंच फेकून द्यायचास माझ्या तोंडावर! शब्द मोडला होता मी!"

"फेकणारच होतो. हात मागे नेला, आणि तो पोरगा मोकळा धावताना दिसला, आणि चेंडू जिथं पाहिजे तिथं गेला." त्याने हात मिटला, दोन बोटे अर्धवट राहिली. "तुला कळत नाही, एल्मर. जिथं पाहिजे तिथं गेला. त्यानंतर कोण थांबतं?"

"आताही वेळ आहे. मी वर जातो. सांगतो."

"आणि इर्मा?"

वाहनतळावर सरोवराकडून गार वारा येत होता. त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मला वॉर्डलॉनं नंतर सांगितलं," ट्रेंट म्हणाला. "जुलैचं. आधी कळलं असतं तर तुझ्याकडून शब्द घेतलाच नसता. घरी जा."

"तिनं मला शुक्रवारीच सांगितलं होतं," एल्मर म्हणाला. "क्लीऑन म्हणाला, डावीकडे बघत जा."

ट्रेंट गाडीत बसला, आणि काच खाली करून म्हणाला, "उद्यापासून जास्त घासावं लागेल. आता मधलं बोटही जायला लागलंय."

उन्हाळाभर एल्मर रोज सात वाजता जिना उतरला. इर्माच्या गोळ्यांचा डबा दर महिन्याच्या पाच तारखेला टपालाने येत राहिला. ती म्हणायची, तुझं काम वाढलंय, हात सुजलेत. तो म्हणायचा, नवी पेटी आली की असंच होतं. बर्नी टोथने चर्चच्या दारात त्याची पाठ थोपटून हार मान्य केली. डोलोरेसने सगळ्यांदेखत त्याच्या गालाचे चुंबन घेतले, कारण त्याने शपथेवर सांगितले होते आणि ते खरे ठरले होते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी पहिला सामना झाला. एल्मर चेंडूंची पिशवी घेऊन नेहमीच्या जागी, बाकांच्या मागे उभा होता. पंधरा वर्षे सामन्यात त्याने फक्त चेंडू पाहिला होता. कुठल्या फेकीला कुठला चेंडू हे त्याला सांगता येई. त्या दिवशी त्याला चेंडू दिसला नाही. तो डावी बाजू पाहत होता, जिथे आता एक स्वस्तातला, घाबरलेला गडी उभा होता. दुसऱ्याच डावात तो गडी घसरला. ट्रेंटने हात मागे नेला होता, नजर उजवीकडे होती, आणि त्याने डावीकडे पाहिले नाही.

आवाज स्टेडियमच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

ट्रेंट पालथा पडला होता. संघाचे डॉक्टर धावले. एल्मरच्या हातातली पिशवी कधी पडली ते त्याला कळले नाही. मग ट्रेंटने एक गुडघा ओढला, मग दुसरा, आणि तो उठून बसला. लोकांनी छपरे हादरतील अशा टाळ्या वाजवल्या. तो डॉक्टरांना बाजूला सारून कडेपर्यंत चालत आला, थेट एल्मरसमोर. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता.

"दुसरा दे," तो म्हणाला.

"ट्रेंट, बस. बस खाली. पाया पडतो तुझ्या."

"किती महिने राहिले?"

"सोळा." त्याच्या तोंडून आकडा आपोआप आला.

ट्रेंटने मान हलवली. सरावगृहात हलवली होती तशीच. एल्मरने वाकून पिशवीतून एक चेंडू काढला, शिवण वर करून त्याच्या हातात ठेवला, आणि ट्रेंटची बोटे एकेक करून त्या शिवणीवर स्वतः बसवली. कारण आता ती आपण होऊन बसत नव्हती.